बशीतली लाल राख

देखणा आलेख दिसला की आपांचं डोकं फिरायचं. इतर ठिकाणचे गाईड वाकडातिकडा आलेख पाहून विद्यार्थ्याला झापतात, आमच्या आपा सरळ रेघ पाहून झापायच्या. संशोधनाला लागल्यावर मी त्यांच्यापुढे पहिला आलेख ठेवला, तेव्हा त्यातले सगळे ठिपके प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरांसारखे एका ओळीत होते. मला वाटलं, आता पाठीवर थाप पडणार. आपांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "इतका देखणा? मग कुठं चुकलास ते शोध. सापडेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस." चुकलोच होतो. थर्मामीटर द्रावणात लोंबकळण्याऐवजी भांड्याच्या बुडाला टेकला होता, आणि मी सबंध आठवडा बुडाचं तापमान द्रावणाचं म्हणून लिहीत होतो.

पनवेलच्या आमच्या कॉलेजात आपा रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि मागच्या अंगाच्या पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत आम्हा दोघा-तिघा पीएच.डी.च्या पोरांना राबवून घ्यायच्या. घर जुन्या बाजाराजवळच्या मोहल्ल्यात. लग्न केलं नव्हतं. "मला सहन करणारा माणूस जन्माला यायचाय, आला की कळवा," असं त्या स्वतःच सांगायच्या. आम्ही त्यांना आपा म्हणायचो, शिपाई आपा म्हणायचे, कॅन्टीनवालाही आपाच म्हणायचा. ऑफिसातली माणसं मात्र 'मॅडम' म्हणायची, आणि ज्या दिवशी नको त्या कागदावर सही हवी असेल त्या दिवशी 'आदरणीय मॅडम'.

कॉलेजात त्यांना खडूस म्हणत. मला या शब्दाची चीड आहे. खडूस माणूस स्वतःची गैरसोय झाली म्हणून चिडतो. आपा चिडायच्या त्या बाटलीवर लेबल नाही म्हणून, बेसिनमध्ये कुणी आम्ल ओतलं म्हणून, आणि न केलेल्या प्रयोगाचं उत्तर कुणी शेजाऱ्याकडून उतरवलं म्हणून. रमजानमध्ये त्यांचा आवाज थोडा बारीक व्हायचा, राग तेवढाच असायचा. त्यांचा रोजा आहे म्हणून मीही दुपारी जेवायला जायचं टाळत होतो, तर खेकसल्या, "उपाशी मी आहे, तू का तोंड पाडून बसलायस? जा, वडापाव खा आणि डोकं घेऊन परत ये."

आमचं काम कार्बनच्या नॅनोनळ्यांवर होतं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळी गुंडाळून नळी करा, आणि ती डोळ्यांना दिसणारच नाही इतकी बारीक आहे असं समजा. जाळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर कार्बनचा एक अणू. पुस्तकातल्या चित्रात ही जाळी निर्दोष असते. प्रत्यक्षात कुठे एखादा अणू गळालेला असतो, कुठे षटकोनांच्या जागी पंचकोन-सप्तकोन घुसून नळी वाकलेली असते, कुठे टोक फाटलेलं असतं. सांडपाण्यातलं फिनॉलसारखं विष पेरॉक्साइड घालून मोडायचं झालं, तर निर्दोष नळी ढिम्म बसून राहते. रचनेत जिथे दोष असतो तिथेच रेणू अडकतो, तिथेच तो मोडतो, असं आपांचं म्हणणं होतं आणि त्यावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. वर्गात त्या विचारायच्या, "पिंपळ कुठं उगवतो? भेगेत. आणि गुळगुळीत भिंतीवर काय उगवतं? जाहिरात."

त्यांच्या अब्बांचं बाजारात जाळी आणि दोरखंडांचं दुकान होतं. उरणकडचे कोळी गिऱ्हाईक. मुंबईचे व्यापारी शुद्ध सुताचा म्हणून दोर आणून टाकायचे आणि आत नायलॉनचे धागे वळलेले असायचे. अब्बा काही न बोलता दोराचं टोक काडीनं पेटवायचे. सुताची भुरभुरीत राख होते, नायलॉनचा कडक मणी होतो. "अब्बांनी कुठल्या व्यापाऱ्याला लबाड म्हटलं नाही," आपा सांगायच्या, "पण टोक जाळल्याशिवाय कुणाचा दोरही घेतला नाही. शंका आली की जाळून बघायचं." आम्ही पोरं याची यथेच्छ टिंगल करायचो. कॅन्टीनचा चहा बेचव लागला तरी कुणीतरी म्हणायचं, जाळून बघ.

आता त्या पेपरबद्दल. नळ्या वाढवतात त्या लोखंडाच्या बारीक कणांवर, त्यामुळे तयार नळ्यांत लोखंड राहून जातं. आणि फिनॉल मोडण्याच्या कामात लोखंड नळीच्या कितीतरी पुढे. म्हणून आधी आम्लानं धुऊन ते काढून टाकायचं. धुवणाच्या पाण्यात थायोसायनेटचे थेंब टाकायचे. पाणी लाल झालं तर लोखंड आहे, नाही झालं तर संपलं. अकरावीची पोरं करतात ती परीक्षा. आमचं पाणी नितळ यायचं. मग त्याच नळ्या आम्लात आणखी उकळल्या की त्यांच्यातले दोष वाढायचे, आणि जितके दोष जास्त तितकं फिनॉल झपाट्यानं मोडायचं. आलेखावर सरळ रेघ. आपांनी ती रेघ मला परत परत काढायला लावली, दर वेळी शिव्या घातल्या, पण चूक सापडेना. शेवटी पेपर छापून आला: कुठलाही धातू नाही, नुसत्या दोषांच्या जोरावर चालणारा उत्प्रेरक. आपांच्या नावाशेजारी माझं नाव होतं. आईनं आमच्या गावात, बेलपाड्यात, घरोघर पेढे वाटले.

संस्थेच्या संचालकांना नॅनोनळी म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण 'धातूमुक्त' हा शब्द त्यांना फार आवडला. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर संचालकांचा फोटो मोठा, आपांचा लहान आणि नळीचा अजिबात नाही. एका कारखान्याबरोबर सांडपाण्यासाठी करार करायचं ठरलं, आणि कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती येणार होती तिला पहिल्यांदा आमची प्रयोगशाळा दाखवायचं ठरलं. इतकी वर्षं पत्र्याचं छप्पर गळत होतं तेव्हा यातला एक माणूस तिकडे फिरकला नव्हता.

तेवढ्यात नळ्यांची बाटली संपत आली. नवी मागवली ती दुसऱ्या पुरवठादाराकडून आली. तशाच धुतल्या, तशाच उकळल्या, दोष मोजले तर तितकेच भरले. फिनॉल मात्र जेमतेम हललं. मी म्हटलं, "आपा, नवा माल खराब निघाला." आपांनी दोन्ही बाटल्या पुढ्यात ओढल्या. "नवा खराब हे तुला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "जुना खराब असेल. दोन्ही जाळ."

चिनी मातीच्या दोन बशांत दोन्ही नळ्या घेतल्या आणि भट्टीत, हवा खेळती ठेवून जाळल्या. कार्बन जळून वायू होऊन निघून जातो, जे जळत नाही तेवढं बशीत राहतं. भट्टी निवल्यावर आपांनी स्वतः दार उघडलं. नव्या नळ्यांच्या बशीत जवळपास काहीच नव्हतं. जुन्यांच्या बशीत गंजासारखी लाल राख होती.

ते लोखंड होतं. त्याचे कण कार्बनच्या कवचात बंद होऊन बसले होते. धुताना आम्ल तिथवर पोचतच नव्हतं, म्हणून धुवणाचं पाणी नितळ. पुढे उकळताना कवचं पातळ व्हायची, आणि प्रयोगात पेरॉक्साइडनं ती फुटून लोखंड बाहेर पडायचं. दोषही वाढत होते, लोखंडही मोकळं होत होतं, आणि आम्ही सगळं श्रेय दोषांना देऊन बसलो होतो. पाणी तपासलं, नळ्या तपासल्याच नाहीत. नळ्या धुण्यात आयुष्य घालवलेली माणसंच अशी चूक करू शकतात.

आपा ओरडल्या. पत्र्याचं छप्पर दणाणलं. पण सगळं ओरडणं स्वतःवर होतं. "बेवकूफ! अब्बा टोक जाळून बघायचे, आणि मी धुवणाचं पाणी बघत बसले!" मग खाली बसल्या, ओढणीनं घाम पुसला आणि म्हणाल्या, "पेपर मागे घ्यायचा."

आता ओरडायची पाळी माझी होती. माझा तो एकुलता एक पेपर. त्यावर माझी पदवी, पदवीवर नोकरी, नोकरीवर घरात अडून बसलेलं माझं लग्न. म्हटलं, "आपा, पुढच्या पेपरात दुरुस्ती करू. मागे कशाला घ्यायचा?"

"तुझ्या थीसिसमधलं काम लोखंडानं केलंय आणि वर नाव दोषांचं घातलंय. चालेल तुला?"

"कुणाला कळणार आहे?"

"अरे बाबा, कळायचं काय त्यात? हा पेपर वाचून तो कारखानेवाला सांडपाण्यात नळ्या टाकणार. चार दिवसांत लोखंड वाहून जाणार, नळ्या बंद पडणार, आणि विष जसंच्या तसं खाडीत. ह्याला वाटणार, धातूमुक्त उत्प्रेरक काम करतोय. खाडीत जाळी कुणाची आहेत? अब्बांकडून दोर नेलेल्या माणसांच्या पोरांची!"

मी त्यांच्याशी बरेच दिवस तुटक वागलो. माझा राग रास्त होता असं मी आजही म्हणेन. त्यांचं म्हणणंही रास्त होतं, आणि म्हणूनच राग जास्त होता.

संचालकांच्या केबिनमध्ये आपा मला बरोबर घेऊन गेल्या. संचालक गोड बोलणारे. असल्या माणसांची मला त्या दिवसापासून शिसारी आहे. म्हणाले, "मॅडम, पेपर छापून आलाय. कुणी तक्रार केलीय का?"

"मी करतेय."

"तुम्ही तर लेखिका आहात."

"म्हणून तर मला आधी कळलं."

"थोडं ॲडजस्ट करा ना. समितीची व्हिजिट होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघू."

"व्हिजिट झाली की त्यातलं लोखंड निघून जाणार आहे का?" आपांनी विचारलं. संचालक हसले. हसले, हे मी विसरलेलो नाही. आपांनी ती बशी रुमालात बांधून आणली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, आणि संचालकांनी ती बोटाच्या टोकानं फायलींपासून दूर सरकवली.

आपांनी संपादकांना कळवलं, पेपर मागे घेतला गेला, कारखान्यालाही त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि करार बारगळला. त्यानंतर जे झालं त्याला कुणी शिक्षा म्हटलं नाही. 'वर्कलोडची फेररचना' म्हणाले. आपांना ज्युनिअर कॉलेजच्या प्रात्यक्षिकांवर टाकलं. प्रयोगशाळेचं 'उत्कृष्टता केंद्र' झालं: खाली फरशा, वर एसी, दारावर पितळी पाटी, आत कुणी नाही. भट्टीवर प्लॅस्टिक पडलं आणि किल्ली ऑफिसात गेली. आपांच्या पंक्तीला वर्षानुवर्षं डबा खाणारे प्राध्यापक स्टाफरूममध्ये खाली मान घालून पेपर तपासत बसले. एकानं मला जिन्यात गाठून दबक्या आवाजात सांगितलं, "त्यांचं बरोबरच आहे रे, पण पद्धत चुकली." त्या गृहस्थाला मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतो: सर, पद्धत तीच एक होती. तुमच्याकडे दुसरी असती तर एव्हाना दिसली असती.

आपा मात्र गप्प बसल्या नाहीत. अकरावीची प्रात्यक्षिकं आटोपली की मला घेऊन रिक्षानं, एसटीनं, मिळेल तशा या संस्थेतून त्या संस्थेत जायच्या. कुणाच्या भट्टीवर एक दुपार, कुणाच्या यंत्रावर एक सकाळ. लोखंड नसलेल्या नव्या नळ्या घेतल्या. त्या दळून त्यांच्यात दोष पाडले, कडक तापमानाला तापवून ते दोष पुन्हा बुजवले, आणि प्रत्येक पायरीला थोड्या नळ्या जाळून बशी पाहिली. दोष पाडले की काम वाढायचं, बुजवले की उतरायचं. म्हणजे आपांचं म्हणणं खरं होतं, पण अगदी थोडं खरं होतं. पूर्वीच्या त्या सरळ रेघेपुढे हा आलेख म्हणजे बुटकी, खडबडीत चढण. आपा तो बघून पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "हा ठेव. हा कुरूप आहे, पण आपला आहे."

यात वर्षं गेली. माझ्याबरोबरची पोरं नोकरीला लागून घरं घेऊन बसली. मी घरी चिडचिड करायचो, तेव्हा आई चुलीपुढे बसून म्हणाली, "तुजी बाई लय तापट हाय, पन लबाड नाय. लबाड असती त तुला कवाच पास केला असता." पदवी मिळाली. आज मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतो आणि माझ्या हाताखालची पोरं मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडी.

मग आपांच्या निवृत्तीचा समारंभ झाला. नको म्हणत असतानाही केला. हॉल भरलेला, समया, शाल-श्रीफळ, पहिल्या रांगेत संस्थेचे विश्वस्त. संचालक बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता म्हणाले, "आमच्या या आपांनी जगाला धातूमुक्त उत्प्रेरक दिला!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्यांना आपा म्हटलं होतं. मला वाटलं, माझ्या कानांनी दगा दिला. मागे घेतलेला पेपर, मोडलेला करार, हिसकावलेली प्रयोगशाळा, सगळं गिळून हा माणूस तीच थाप आपांच्याच सत्कारात मारत होता.

आपा माइकपाशी गेल्या. खांद्यावर शाल तशीच. स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलं ते खरं नाही. त्या नळ्यांत लोखंड होतं. चूक माझी होती. मी तो पेपर मागे घेतला आहे."

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी पहिल्या रांगेतून, मग सगळा हॉल. सूत्रसंचालन करणारी बाई दुसऱ्या माइकवर गहिवरून म्हणाली, "केवढा हा विनय!" टाळ्या वाढल्या. आपा हात वर करून म्हणाल्या, "टाळ्या नका वाजवू. ऐका. मी विनय करत नाही, मी सांगतेय..." पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. काही जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. संचालकही वाजवत होते. त्यांना सगळं समजलं होतं, आणि तेच सर्वांत जोरात वाजवत होते. मी खुर्च्यांवरून उडी मारून स्टेजवर जायला हवं होतं असं काहींना वाटेल. मी गेलो होतो. दोघा शिपायांनी मला कौतुकानं मिठी मारली आणि माझ्या हातात पेढा दिला.

परतताना आपांना घेऊन मी रिक्षात बसलो. त्या संचालकाला मी तोंडाला येईल ते बोलत होतो. बाजाराच्या वळणावर त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं. "मी सांगितलं ना रे?" त्यांनी विचारलं. "मराठीतच सांगितलं ना?"

पुढे त्या धाकट्या बहिणीकडे दोहाला गेल्या. फोन होतो. तिथला उकाडा, भाचीचा अभ्यास, इकडे हापूस कधी येणार, असलं बोलणं. नळ्यांचं मी काही काढलं की विषय बदलतात.

परवा माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कॉलेजचं नवं माहितीपत्रक आलं. त्यात उत्कृष्टता केंद्राचं अख्खं पान, वर आपांचा फोटो, आणि खाली: 'येथेच विकसित झाला धातूमुक्त उत्प्रेरक'. माझं डोकं भणभणलं. मी तसाच दोहाला फोन लावला आणि ते पान त्यांना शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मुद्दाम चढ्या आवाजात वाचलं. वाचून झाल्यावर फोन कानापासून थोडा लांब धरला, कारण आता त्या ओरडणार याची मला खात्री होती. मला ते ओरडणं ऐकायचं होतं. म्हटलं, एकदा त्या गरजल्या की उद्याच जाऊन त्या संचालकाच्या केबिनमध्ये उभा राहतो.

"हो का?" आपा म्हणाल्या. "फोटो बरा आलाय का रे?"

मी म्हटलं, बरा आलाय.

"चला, बरं झालं. तू जेवलास का?"

प्रयोगशाळा घेतली ते मी एक वेळ विसरेन. माझी वर्षं गेली तीही सोडून देईन. पण बुडाला टेकलेल्या थर्मामीटरवरून छप्पर दणाणून सोडणारी ती बाई आता असं विचारते, याबद्दल या लोकांना माझ्याकडून माफी नाही.